वीस मिनिटांची हद्द

वीस मिनिटांत जिथं पोचता येत नाही तिथं जग असतं, यावर आमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांचा फारसा विश्वास नव्हता. काशी, अमेरिका, पुणे ही त्यांच्या लेखी ऐकीव ठिकाणं होती. कुणी म्हणालं, मुलगा दुबईला असतो, तर ते मान डोलावून म्हणत, "असेल, असेल." जालना इथून तासाभरावर, पण जालन्याबद्दल ते अशा आवाजात बोलत, की ऐकणाऱ्याला ते शहर एखाद्या जुन्या बखरीत बुडून गेलेलं वाटावं. त्यांनी लग्न का केलं नाही, असं मी एकदा काकूंना, म्हणजे घरमालकीणबाईंना, भीतभीत विचारलं. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मुलगी जालन्याची होती." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

ते डॉक्टर होते. कसले डॉक्टर, हे माझ्या आईला सांगताना माझी अजूनही त्रेधा उडते. मांडीतल्या रक्तवाहिनीतून केसासारखी बारीक तार आत सरकवायची, समोरच्या पडद्यावर एक्स-रेत ती कुठवर गेली ते बघत राहायचं, आणि जिथं रक्त अडलंय तिथं वाट मोकळी करायची, जिथं नको तिथं वाहतंय तिथं वाट बुजवायची. आई म्हणाली, "म्हंजी आपरेशन करतेत का नाय?" मी म्हटलं, करतात, पण फाडत नाहीत. त्यावर आई म्हणाली, "मग पेशंटला कळतं कसं, का बरं झालं म्हणून?" हा प्रश्न मी पुढं सरांना, म्हणजे ह्या डॉक्टरांनाच, सांगितला. ते इतके खूश झाले, की त्या आठवड्यात त्यांनी तो निदान दहा जणांना ऐकवला, आणि दर वेळी शेवटी म्हणाले, "हिच्या आईला सगळं समजलंय."

छावणीच्या पलीकडं माजी सैनिकांसाठी चालवलेलं एक रुग्णालय होतं. तिथं हे काम करणारे ते एकटेच. त्यांची नेमणूक अशी होती, की फोन येईल तेव्हा, दिवस असो रात्र असो, वीस मिनिटांत हजर व्हायचं. ही अट कागदावर सगळेच डॉक्टर लिहून देतात. आमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांनी ती, मी त्यांच्याकडं राहायला गेले तोवर, बावीस वर्षं शब्दशः पाळली होती. त्यांना आतून रक्त वाहणारा प्रत्येक म्हातारा सैनिक वीस मिनिटांच्या टोकावर उभा दिसायचा. त्यामुळं वीस मिनिटांच्या हद्दीबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

ही हद्द काढायची त्यांची पद्धत होती. दर वर्षी दिवाळी पाडव्याला, अभ्यंगस्नान झालं की ओवाळून घ्यायच्या आधी ते स्कूटर काढत. रुग्णालयाच्या फाटकापासून एकेका रस्त्यानं निघायचं, घड्याळात वीस मिनिटं झाली की थांबायचं आणि तिथल्या खांबावर खडूनं बारीकशी खूण करायची. घरी येऊन बाहेरच्या खोलीतल्या शहराच्या नकाशावर पेन्सिलीनं त्या खुणा जोडायच्या. मी त्या घरी वरच्या खोलीत राहायला गेले तेव्हा नकाशावर अशा कितीतरी रेघा होत्या, एकीच्या आत एक, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या. फरक इतकाच, की झाड बाहेर वाढतं आणि ह्या रेघा वर्षागणिक आत येत होत्या. पहिल्या वर्षाची रेघ पार दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी होती. मग वसाहती वाढल्या, रस्ते रुंद झाले, रस्ते रुंद झाले म्हणून गाड्या वाढल्या, उड्डाणपूल झाले आणि पुलांवर चढायलाही रांगा लागल्या. आधी किल्ला गेला, मग विमानतळ गेला, मग एक-एक करून लग्नाची कार्यालयं गेली. "शहर वाढतंय," ते रेघ ओढता ओढता म्हणायचे, "आणि मी आकसतोय." पण ते दुःखानं नाही म्हणायचे. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून, चित्र काढणाऱ्या मुलाच्या तल्लीनतेनं म्हणायचे.

पुतणीचं लग्न नाशिकला झालं तेव्हा ते वऱ्हाडाच्या बसमध्ये सगळ्यांबरोबर बसले, गाणी म्हटली, सगळ्यांना पेढे वाटले आणि नगर नाक्याच्या पुढं, जिथं खडूची खूण होती तिथं, बस थांबवून खाली उतरले. अक्षता त्यांनी तिथंच रस्त्याकडेला उभं राहून बसवर टाकल्या. काकू अजून सांगतात, "नवरी रडली ती सासरी जाताना नाही. त्या खांबापाशी रडली."

घरातही त्यांचं वागणं असं, की जणू कुठल्याही क्षणी उठावं लागेल. स्कूटरचं तोंड नेहमी फाटकाकडं. चपला काढल्या तरी त्यांची तोंडं दाराकडं. दुसऱ्या कुणाच्या चपला उलट्या दिसल्या की येता-जाता त्याही वळवून ठेवायचे. आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांना निघताना आपण हाकलले जातोय की काय अशी शंका यायची. जेवताना गोड आधी, भात शेवटी, कारण फोन मधेच आला तर निदान गोड तरी पोटात गेलेलं असावं. पंगतीत ते पहिल्या घासाला श्रीखंड संपवून मोकळे होत आणि वाढणारी माणसं गोंधळून जात. फोन जुना, बटणांचा, गळ्यात दोरीला बांधलेला. तो वाजला की ते "हॅलो" म्हणत नसत. "निघालो," म्हणत. मग फोन कुणाचा का असेना. एकदा एका मुलीनं त्यांना कर्ज हवंय का विचारायला फोन केला. हे "निघालो" म्हणाले आणि पलीकडचं बोलणं कळेपर्यंत एक बूट पायात चढलेला होता.

मी ज्या वर्षी तिथं राहायला गेले त्या पाडव्याला एक संकट आलं. ते वर्ष सलग दुसऱ्या दुष्काळाचं. हर्सूलच्या तलावात तळाची माती भेगाळलेली, घरोघरी पिंप, टाक्या, घागरी मांडलेल्या, आणि टँकरच्या रांगांनी रस्ते तुंबलेले. सर मोजणी करून आले आणि न ओवाळून घेता नकाशासमोर बसून राहिले. आमचं हर्सूलमधलं घर बावीस मिनिटांवर गेलं होतं. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बावीसच. त्या संध्याकाळी ते उशी आणि पांघरूण घेऊन रुग्णालयाच्या प्लॅस्टरच्या खोलीत राहायला निघाले. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "भाऊजी, हे घर आहे का पतंग? आज हद्दीत, उद्या हद्दीबाहेर?" पण ते गेले. चौथ्या दिवशी वाट सापडली ती युसूफचाचांमुळं.

युसूफचाचा म्हणजे रुग्णालयात सरांच्या विभागातले जुने तंत्रज्ञ. मी त्यांच्याच हाताखाली ते काम शिकत होते. त्यांच्या मावसबहिणीचं घर भडकल दरवाज्याच्या अलीकडच्या गल्लीत होतं. तिच्या अंगणातून स्कूटर काढली तर चौकातली सगळी कोंडी टळत होती. चाचा म्हणाले, "साब, आपाकू बोल दिया मैं. हॉर्न दो बार बजाना, वो कपड़े उठा लेती." तेव्हापासून दोन हॉर्न वाजले की ती आपा दोरीवरचे ओले कपडे हातानं वर धरायची, सर मान वाकवून खालून जायचे, आणि जाता जाता तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. घर पुन्हा हद्दीत आलं. अर्ध्या मिनिटानं का होईना.

मी सोयगावकडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील दोरखंड वळतात आणि आठवडी बाजारात विकतात, हे मी शहरात आल्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात कुणी विचारलं तर "धंदा आहे" म्हणून मोकळी व्हायचे. विभागातल्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला वापरून काढलेली तार गुंडाळून ठेवायला सांगितली. दीड-दोन हात नाही, चांगली पुरुषभर लांब, ओली, आणि जरा पीळ पडला की वाया जाणारी. भल्याभल्यांच्या हातून ती उसळी मारून जमिनीवर पडते. मी काही विचार न करता ती अंगठ्याभोवती घेतली आणि एक फेरा सुलटा, एक उलटा अशी गुंडाळून ठेवली. सर टेबलापलीकडून बघत राहिले. "कुठं शिकलीस?" मला खोटं सुचेना. म्हटलं, "घरी. वडील दोरखंड वळतात." ते हातमोजे काढत निघून गेले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचे मोठे साहेब फेरीला आले तेव्हा मात्र सरांनी माझी ओळख करून दिली: "ह्या आमच्याकडं नव्या आल्यात. घराण्यात दोन पिढ्या दोरकाम आहे. आपल्याला असं माणूस मिळायला बावीस वर्षं लागली." साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. मी त्या रात्री वडिलांना फोन केला आणि बाजार कसा झाला एवढंच विचारलं.

जिथं हे काम चालायचं त्या खोलीबद्दल मला नीट लिहिता येईल का, कोण जाणे. बाहेर एप्रिल-मेचं ऊन, रस्त्यावर धूळ आणि रिकाम्या घागरी. आत गार, अंधारं, फक्त पडदा उजळलेला. टेबलावर एखादा म्हातारा सैनिक पडलेला, पूर्ण जागा, कारण भूल फक्त मांडीपुरती. आम्ही सगळे शिशाचे जड अंगरखे घालून उभे. सर रक्तात एक्स-रेला दिसणारं औषध सोडत आणि पडद्यावर अचानक एक काळी नदी उगवायची. तिला फाटे फुटायचे, फाट्यांना ओढे, ओढ्यांना ओहोळ, आणि क्षणभरात सगळं विरून जायचं. दुष्काळाच्या दिवसांत दर दुपारी मी त्या नद्या बघत असे. एकदा मी नकळत म्हणाले, "केवढं पाणी!" सर म्हणाले, "हळू बोल. बाहेर कळलं तर लोक घागरी घेऊन येतील."

आणि अशा वेळी ते पेशंटला घराचा रस्ता विचारायचे. ही त्यांची कामाची रीत. तार आत सरकवायला लागले की म्हणायचे, "सुभेदार, तुमच्या एसटी थांब्यावर उतरलो. आता कुणीकडं?" म्हातारा सांगायला लागायचा. डाव्या हाताला गिरणी, पुढं चिंचेखाली सायकलवाला, मग शाळेची भिंत. सर तार फिरवत विचारायचे, "शाळेवरून सरळ का वळायचं?" माणूस रस्ता सांगत असला की हलत नाही, घाबरत नाही, आणि घर जवळ येईल तसा त्याचा श्वास सावकाश होतो, असं त्यांचं म्हणणं. तार मुक्कामाला पोचायची आणि म्हातारा अंगणात. मराठवाड्यातली शेकडो गावं त्यांना अशी पाठ होती. कुठल्या गावात पारावर कोण बसतं, कुठल्या गल्लीत कुत्रं अंगावर येतं, सगळं. गेले मात्र एकाही गावाला नव्हते.

त्यांचं स्वतःचं गाव पैठणच्या धरणात, नाथसागरात होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते इथं वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. घरच्यांनी निरोप धाडला होता, की सामान हलवायला ये, आणि आला नाहीस तरी एकदा बघून जा. परीक्षा होती. ते गेले नाहीत. परीक्षा संपल्यावर गेले, तर घर नव्या जागी होतं, पत्र्याचं, आणि जुन्या जागी पाणी. काकू त्या जुन्या घरात नवी नवरी म्हणून दोन वर्षं राहिलेल्या. त्या दुष्काळात नाथसागर आटला आणि ते गाव वर आलं. लोक गाड्या करून बघायला जायला लागले. देवळाचा चौथरा दिसतोय, आडाचं तोंड दिसतंय, कुणाला आपल्या घरातलं उखळ सापडलं, अशा बातम्या रोज यायच्या. काकूंना शेजारच्या बायकांनी दोनदा बोलावलं. काकू म्हणाल्या, "भाऊजी येतील तेव्हाच जाईन." पण गाव तासाभराच्या वाटेवर.

एका संध्याकाळी गच्चीवर मी टाकीत पाणी चढतंय का बघत होते. सर कठड्याशी उभे होते, पैठणच्या दिशेला तोंड करून. म्हणाले, "मला ते एकदा बघायचंय गं. आणि बघावंसं वाटलं, की लाज वाटते." मी विचारलं, लाज कशाची? "ते दिसायचं म्हणजे सगळ्यांच्या घागरी कोरड्या पडायला हव्यात. माझ्या उंबऱ्यासाठी मी एवढ्या लोकांचा दुष्काळ कसा मागू?" थोडं थांबून ते म्हणाले, "पण आता आलाच आहे. जून लागायच्या आत एकदा गेलो असतो." मी टाकीचं झाकण लावून खाली आले.

ते मी चाचांना सांगितलं. चाचांनी चार दिवस फोनाफोनी करून दुसऱ्या एका दवाखान्यातली तरुण डॉक्टर एका रविवारपुरती कबूल करून घेतली. हेच काम शिकलेली, हुशार मुलगी. सरांनी तिला सगळी कपाटं दाखवली, सगळ्या वस्तूंच्या जागा सांगितल्या, आणि शनिवारी आणखी एकदा सांगितल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते हद्द ओलांडणार होते. रविवारी पहाटेच काकू जरीची साडी नेसून तयार. डब्यात धपाटे, दह्याची बरणी, आणि ओटीचं सामान, कारण घर असो नसो, आपण रिकाम्या हातानं जायचं नाही. चाचांच्या भाच्यानं गाडी आणली. खडूच्या खुणेपाशी सरांनी गाडी थांबवली, खाली उतरले, खांबाकडं बघितलं आणि पुन्हा येऊन बसले. बिडकीन मागं पडलं. सर खिडकीतून प्रत्येक पाटी वाचत होते, अगदी दुकानांच्यासुद्धा. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. काकू हळूच म्हणाल्या, "आता पंधरा मिनिटं, भाऊजी."

तेवढ्यात गळ्यातला फोन वाजला. सर म्हणाले, "निघालो." आणि फोन बंद करून ड्रायव्हरला म्हणाले, "वळव."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, पण ऐकून तरी घ्या! काय म्हणाले ते?"

"शब्द गेला वहिनी तोंडातून."

"तोंडातून तो कर्जवालीलाही जातो! ती बाई आहे ना तिथं? डॉक्टर आहे ना ती?"

मी घाईघाईनं चाचांना फोन लावला. चाचा रडकुंडीला आले होते. "बेटी, मैं तो बस इत्ता पूछ रहा था, की सबसे बारीक वाली कॉइल किधर रखे. इन्ने सुनेच नहीं!" कॉइल म्हणजे रक्तवाहिनी बुजवायची स्प्रिंगसारखी बारीक तार. ती सर कपाटात ठेवत नसत. बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवत, आणि दोन वेळा सगळं दाखवूनही नेमकी तेवढीच जागा सांगायची राहिली होती. आदल्या दिवशी तो डबा मीच उचलून ठेवला होता, म्हणून कुठं आहे ते मला सांगता आलं. चाचा म्हणाले, मिल गया, तुम लोग जाओ. मी सरांकडं बघितलं. "सर, मिळाला डबा. जायला सांगतायत." सरांनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" चाचांनी नाव सांगितलं. ते कन्नडकडचे एक सुभेदार होते. त्यांच्या यकृतात गाठ होती आणि सरांनी तिच्यावर तीनदा मांडीतल्या वाटेनंच औषध सोडलं होतं. आज ती गाठ फुटून आतल्या आत रक्त वाहत होतं. सर म्हणाले, "त्यांची वाट वाकडी आहे." एवढंच. गाडी वळली. काकू मागं वळून बघत राहिल्या. रस्त्याच्या शेवटी उन्हात काहीतरी चमकत होतं, ते पाणी होतं की नुसतं मृगजळ, कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती तरुण डॉक्टर घामानं भिजलेली होती. तिनं रक्त कुठून वाहतंय ते बरोबर शोधलं होतं. पण त्या फाट्याच्या तोंडाशी दोन नागमोडी वळणं होती आणि तार दर वेळी तिथून परत फिरत होती. सुभेदारांचा रक्तदाब उतरत चालला होता. सरांनी अंगरखा चढवला. तो चढवताना ते कमरेशी जरा वाकले, हे मी तेव्हा बघितलं होतं, पण त्याचा अर्थ पुढं कळला. तिला बाजूला न करता ते तिच्या शेजारी उभे राहिले, मला तारेचं मागचं टोक धरायला सांगितलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "सुभेदार, थांब्यावर उतरलो. आता कुणीकडं?"

सुभेदारांचे ओठ पांढरे पडले होते. पण आवाजात फौज होती. "साहेब, तीन डाव माझ्या घरी येऊन बसलात. रस्ता पाठ हाय तुमाला. आज मी नाय सांगत. आज तुमी सांगा तुमच्या घरचा."

काचेपलीकडच्या खोलीत काकू जरीच्या साडीत, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांना तिथल्या स्पीकरवर ऐकू येत होतं. सर पडद्याकडं बघत होते. मला वाटलं, ते काहीतरी बोलून टाळतील. पण त्यांनी तार बोटभर पुढं सरकवली आणि म्हणाले, "आमच्याकडं थांबा नाही. नदीनं यायचं. होडीतून उतरलं की वाळू लागते."

"बरं. मंग?"

"मग घाट. घाटावर धोब्याचे दगड. तिथून चढ आहे, उजवीकडं बाभळी."

"बाभळीचे काटे असतेल."

"असतात ना. अनवाणी आलात तर बाजूनं चाला. वर पार आहे. पारावर एक आंधळे आजोबा बसतात, ते पावलांवरून ओळखतात. ते म्हणतील, कोण, कुलकर्ण्यांचा का? हो म्हणायचं आणि पुढं जायचं."

ते एवढं सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. आवाज हलका होता, झोपेत बोलणाऱ्यासारखा, आणि हात मात्र पूर्ण जागे. तार पहिल्या वळणातून गेली. मला माझ्या चिमटीत तिची ओढ कळत होती. बाबांच्या हातातला दोर पीळ घेताना जशी ओढ लागते तशी. गल्ली आली, गल्लीत वैरणीचा वास आला, एक खोल आड आला. सुभेदार मधे मधे "व्हय", "हं" करत होते. "आता आमचा दरवाजा," सर म्हणाले. "कडी आतून असते, पण हात घालून काढता येते. आत अंगण. तुळशीच्या पुढं तीन पायऱ्या चढायच्या..."

स्पीकर खरखरला. काचेपलीकडं काकूंनी चाचांच्या हातातलं बटण दाबलं होतं. "भाऊजी, तीन नाहीत. चार. शेवटची बुटकी आहे, तिच्यावर माझा पाय रोज अडखळायचा."

सर थांबले. त्यांची बोटंही थांबली. मग ते म्हणाले, "हो वहिनी. चार." आणि तार आणखी एक बारीकसं वळण घेऊन आत गेली.

"पोचलो का?" सुभेदारांनी विचारलं.

"पोचलो. बसा टेकून."

त्या बिस्किटांच्या डब्यातल्या दोन कॉइल बसवल्या. पुन्हा औषध सोडलं तेव्हा पडद्यावर नदी उगवली, पण तो एक फाटा उगवला नाही. रक्तदाब सावकाश वर यायला लागला. ती तरुण डॉक्टर भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मला पण असा रस्ता विचारायला शिकव." मी म्हटलं, "मला नाही येत. मी फक्त टोक धरते."

दुपारी आम्ही सगळ्यांनी विभागाच्या व्हरांड्यात बसून धपाटे खाल्ले. पैठणला जायला वेळ उरला नव्हता, आणि पुढच्या दोन्ही रविवारी त्या डॉक्टरला सवड नव्हती. तिसऱ्या रविवारच्या आत वरच्या धरणांतून पाणी सुटलं. पावसानं त्या वर्षी मनावर घेतलं होतं. सगळं शहर आनंदानं वेडं झालं होतं, आणि सर धरणाचे आकडे वर्तमानपत्रात बोटानं वाचायचे. इतके टक्के भरला, इतके टक्के भरला. एके सकाळी त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पायऱ्या गेल्या." काकूंनी त्यांच्यापुढं आधी शिरा ठेवला.

पुढं दोन वर्षांनी पाठीनं त्यांचं काम सोडवलं. इतकी वर्षं शिसं अंगावर वागवल्यावर मणके कुरकुरणारच. आता फोन आला की ती तरुण डॉक्टर धावते. मी त्याच विभागात नोकरीला आहे. ती टेबलाशी उभी राहते आणि विचारते, "हवालदार, थांब्यावर उतरलो. आता?" आपाच्या अंगणातून माझी स्कूटर जाते. नकाशावरची शेवटची रेघ माझ्या हातची आहे. ती आणखी आत आलीय.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सुटीच्या दिवशी मी सरांना आणि काकूंना नाथसागरावर घेऊन गेले. आता कुठलीच घाई नव्हती, कुठलीच हद्द नव्हती, आणि सागर काठोकाठ भरला होता. गाव कुठं होतं, हे कळायला एकही खूण नव्हती. नुसतं पाणी, वाऱ्यानं हलणारं, दूर कुठंतरी आभाळाला लागलेलं, आणि मधे पाणपक्ष्यांचा एक थवा. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, आपण उशीर केला." ते हसले. "छे गं. भरलेलंच बरं दिसतं." मग सवयीनं त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, समोर पाण्याकडं बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाले, "इथून होडीनं गेलं, तर वीसच मिनिटं लागतील."

काकू पाण्यात ओटी सोडत होत्या. सर कडेच्या दगडावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. मी मागं वळून बघितलं. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या जोडीनं, नीट. फक्त त्यांची तोंडं रस्त्याकडं नव्हती. पाण्याकडं होती.